आडनाव नसलेली माणसं: कॅरिबियन भारतीयांचा वारसा कसा वाचायचा

शिवनारायण चंदरपॉल, रोहन कन्हाय, आल्विन कालिचरण, रामनरेश सरवन, सनी रामदीन, सुनील नारायण. वेस्ट इंडीजच्या संघातली ही नावं ऐकत महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. गावसकरांनी तर कन्हायवरून मुलाचं नाव रोहन ठेवलं. या यादीकडे जरा थांबून पाहा. चंद्रपाल, कन्हाई, कालीचरण, श्रवण, नारायण. यात आपण ज्याला आडनाव म्हणतो ते एकही नाही, सगळी पाळण्यातली नावं आहेत.

कारण साधं आहे. ऊसमळ्यांवर करारानं नेलेल्या भारतीय मजुरांना जहाजात चढवण्याआधी कलकत्त्याच्या डेपोत ठेवत. तिथल्या कारकुनानं नावापुरत्या दोनच गोष्टी विचारल्या: तुझं नाव आणि बापाचं नाव. तिकडे मूल जन्मलं की बापाचं नाव त्याच्या नावामागे लागलं आणि तेच पुढं घराण्याचं आडनाव झालं. त्यामुळे त्रिनिदाद किंवा गयानामधलं भारतीय आडनाव म्हणजे बहुतेक वेळा जहाजातून उतरलेल्या माणसाचं किंवा त्याच्या मुलाचं नाव असतं. गयानाचे राष्ट्राध्यक्ष झालेले छेदी जगन यांचं उदाहरण घ्या. त्यांच्या वडिलांचं नाव जगन. आई-वडील दोघंही लहान वयात, १९०१ साली, उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातून 'एल्ब' जहाजानं गयानाला पोचले. छेदी जन्मले पोर्ट मोरांट या ऊसमळ्यावर. कन्हाय आणि कालिचरणही त्याच मळ्यावरचे.

हा वारसा दोन ठिकाणी राहिला आहे, कागदावर आणि घरातल्या तोंडी व्यवहारात. कागदानं गाव, ठाणं, उंची, अंगावरचे व्रण जपले, पण नावं वेडीवाकडी केली. घरानं बोली, चव आणि ताल जपला, पण गावाचं नाव हरवलं. एकावरच विसंबून शोध घेणारा हमखास चुकतो, म्हणून इथे दोन्ही वाचायची रीत सांगितली आहे.

माणसं तिथे पोचली कशी

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्यानं संपली, पण मुक्त झालेल्या आफ्रिकी लोकांना 'शिकाऊ' म्हणून आणखी चार वर्षं मळ्यांवर बांधून ठेवलं गेलं. १ ऑगस्ट १८३८ ला तेही संपलं. आपल्याच छळाच्या जागी पडेल त्या मजुरीवर राबायला ते तयार होणार नाहीत हे ओळखून मळेवाल्यांनी त्याआधीच भारताकडे पाहिलं होतं. पहिली दोन जहाजं, 'व्हिटबी' आणि 'हेस्परस', ५ मे १८३८ ला ब्रिटिश गयानाला लागली आणि ३९६ माणसं उतरली. त्यातल्या अनेकांची नोंद 'धांगड' किंवा 'धांगर' अशी आहे. मराठी वाचकाची इथे हमखास गफलत होते. हे आपले धनगर नव्हेत. छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातल्या उरांवांसारख्या आदिवासींना तेव्हा त्या नावानं ओळखत.

या पहिल्या मजुरांच्या हालांचा बोभाटा झाला, भरती थांबली आणि १८४५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी १० मे रोजी 'ब्लंडेल हंटर' जमैकाला आणि ३० मे रोजी 'फतेल रझाक' त्रिनिदादला लागलं. डचांनी ब्रिटिशांशी करार केल्यावर ५ जून १८७३ ला 'लाला रुख' सूरीनामला पोचलं. हे दिवस त्या त्या देशात आजही आगमन दिन म्हणून पाळले जातात. १९१७ पर्यंत ब्रिटिश गयानाला सुमारे २,३९,०००, त्रिनिदादला १,४४,००० च्या आसपास, जमैकाला ३६,००० हून जास्त आणि सूरीनामला सुमारे ३४,००० माणसं गेली. फ्रेंचांनी ग्वादेलूप आणि मार्तिनिकला पाँडिचेरी-कारैकलकडून वेगळी भरती केली. ग्रेनाडा, सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट इथेही काही हजार गेले.

ब्रिटिश वसाहतींची भरती मुख्यतः कलकत्ता बंदरातून आणि थोडी मद्रासमधून झाली. माणसं प्रामुख्यानं आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातली आणि पश्चिम बिहारमधली: बस्ती, गोंडा, गोरखपूर, आझमगड, गाझीपूर, फैजाबाद, शाहाबाद, सारण. मुंबई बंदरातून कोकण-साताऱ्याकडची मराठी माणसंही याच पद्धतीच्या करारावर गेली, पण ती मॉरिशसला. त्यामुळे कॅरिबियनमध्ये मराठी घराणं शोधायला निघालेल्याच्या हाती फारसं काही लागत नाही. महाराष्ट्राचं खरं नातं दुसऱ्या टोकाशी, म्हणजे ही पद्धत बंद पाडण्याशी आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात करारबद्ध मजुरी रद्द करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमतापुढे तो पडला, पण सरकारला या प्रश्नाकडे पाठ फिरवणं त्यानंतर जमलं नाही. १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी तोच धागा पुढं नेला, १९१७ मध्ये भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० ला पद्धत रद्द झाली. ते पाहायला गोखले हयात नव्हते.

करारात काय होतं

'अॅग्रीमेंट' या शब्दाचं तोंडी रूप गिरमिट. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार, त्याच्याशी याचा संबंध नाही. फिजी आणि मॉरिशसमध्ये 'गिरमिटिया' हा शब्द रुळला, सूरीनाममध्ये 'कंत्राकी' म्हणतात, त्रिनिदाद-गयानात 'जहाजी' हा शब्द जास्त जवळचा. एकाच जहाजातून आलेले ते जहाजी भाई, जहाजी बहीण. हे नातं इतकं खरं मानलं गेलं की जहाजी भावाच्या घरी मुलगी द्यायची नाही, असा रिवाज पडला.

करार पाच वर्षांचा. त्रिनिदादमध्ये वर्षाला २८० दिवस, दिवसाला नऊ तास काम. धडधाकट पुरुषाला दिवसाचा एक शिलिंग, म्हणजे तेव्हाचे १२ आणे. बायकांना आणि अशक्तांना ८ आणे. आकडा गावच्या मजुरीच्या मानानं मोठा दिसे आणि आरकाटी, म्हणजे भरतीचा दलाल, तोच पुढं करी. मेख होती 'खंडा'च्या कामात. ठरावीक क्षेत्राची खुरपणी किंवा ठरावीक ऊसतोड म्हणजे एक दिवस. ती दीड दिवसात झाली तरी मजुरी एका दिवसाची. आजाराचे, पावसाचे, तुरुंगाचे दिवस वजा.

तुरुंग हा शब्द मुद्दाम वापरला आहे. गैरहजेरी, आळस, उद्धटपणा हे मालक-मजुरातले साधे वाद नव्हते, फौजदारी गुन्हे होते. परवान्याच्या चिठ्ठीशिवाय मळ्यापासून दूर सापडलेल्याला पकडत. पाच वर्षं भरली की सुटकेचा कागद मिळे, आणि रस्त्यात अडवल्यावर दाखवायला तोही जवळ बाळगावा लागे. गुलामगिरीशी तुलना करताना लोक दोन टोकं गाठतात. माणूस विकला जात नव्हता, कराराला मुदत होती आणि मुलं जन्मतः बांधलेली नव्हती, हे खरं. पण त्या पाच वर्षांत काम सोडण्याचा हक्क नव्हता, हेही तितकंच खरं. दोन्ही सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

परतीचं भाडं सुरुवातीला फुकट होतं, पण बहुतेक ब्रिटिश वसाहतींत त्यासाठी एकूण दहा वर्षं राहावं लागे. १८९० च्या दशकात भाड्याचा वाटा मजुरावर पडला, शेवटी पुरुषांवर अर्धा आणि बायकांवर एक तृतीयांश. त्रिनिदादनं १८६९ पासून परतीच्या बदल्यात १० एकर सरकारी जमीन देऊ केली, नंतर ५ एकर आणि ५ पौंड. १८८० मध्ये हे बंद झालं, पण तिथली भारतीय गावं वसायला त्यानं मोठी चालना दिली. गेलेल्यांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश परतले. बाकीचे तिथलेच झाले.

जिभेवर राहिलेलं

त्रिनिदादमध्ये वडिलांच्या आईला आजी म्हणतात आणि वडिलांच्या वडिलांना आजा. मराठी कानाला हे घरचंच वाटतं. फरक इतकाच की आपली आजी दोन्हीकडची, तिथे मात्र आईची आई नानी आणि आईचे वडील नाना. मौसी, काका, दुलहिन, बेटी, नमकहराम, बेलना, तवा, लोटा हे शब्द तिथल्या इंग्रजीत सहज फिरतात. ही आलेली बोली भोजपुरी आणि अवधीच्या मिश्रणाची. सूरीनाममध्ये ती 'सरनामी' या नावानं आजही घराघरांत बोलली जाते. १९७५ च्या स्वातंत्र्यावेळी हजारो कुटुंबं नेदरलँड्सला गेली, त्यांच्यासोबत ती हेगपर्यंत पोचली. त्रिनिदाद-गयानात शाळा, चर्च, कचेरी सगळं इंग्रजी, त्यामुळे वाक्यं गेली आणि शब्द उरले.

उरलेले शब्द बहुतेक स्वयंपाकघरातले आहेत, आणि तिथली क्रियापदंही टिकली. डाळीला फोडणी देणं म्हणजे 'छौंके', मसाला परतून कोरडा रस्सा करणं म्हणजे 'भुंजल'. दातेरी लांब पानांची, कोथिंबिरीसारख्या वासाची एक रानटी वनस्पती तिथे मिळाली, तिला 'बंधनिया' नाव पडलं: बन धनिया, रानातली कोथिंबीर. नवी वस्तू आणि जुना शब्द यांची अशी सांधेजोड या वारशात जागोजागी दिसते.

दालपुरीवर थोडं थांबायला हवं, कारण पुरणपोळी करणाऱ्या घराला ती चटकन कळेल. भोजपुरी भागात दालपुरी हरभऱ्याच्या डाळीची. कॅरिबियनमध्ये तिची जागा वाटाण्याच्या पिवळ्या डाळीनं घेतली. आठ मोठ्या पोळ्यांसाठी दोन वाट्या डाळ आणि चार वाट्या मैदा धरावा. डाळ हळद घालून शिजवायची, पण दाणा बोटांत दाबल्यावर फुटला पाहिजे, लगदा होता कामा नये. साधारण वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. मग पाणी पूर्ण निथळून, डाळ पसरून गार करायची आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, लसूण, तिखट मिरची, मीठ घालून पाण्याचा थेंबही न घालता वाटायची. सारण रव्यासारखं मोकळं पडायला हवं. मैद्यात थोडी बेकिंग पावडर घालून कणीक सैल भिजवतात. ती अर्धा तास मुरवायची, सारण भरायचं आणि भरलेले गोळे पुन्हा वीस मिनिटं झाकून ठेवायचे. दुसरी विश्रांती टाळली की लाटताना कडा आखडते आणि पोळी मधेच फुटते. डाळ ओली राहिली तर सारण पोळीला चिकटून तिथे भोक पडतं. डाळ नीट वाटली नाही तर अख्खा दाणा लाटण्याखाली येऊन पापुद्रा फाडतो. पुरणाचे सगळे नियम इथेही लागू आहेत, फक्त गोडाऐवजी तिखट. तव्यावर दोन्ही बाजूंना तेल लावून भाजायची आणि रश्शाभोवती गुंडाळून खायची. मळ्यावर हातात धरून जेवायला तिच्यासारखं सोयीचं काही नाही.

दुसरा पदार्थ 'डबल्स': हळद घातलेले, यीस्टनं फुगवलेले दोन मऊ बारे आणि मधे छोले. हा भारतातून आलेला नाही, १९३० च्या दशकात त्रिनिदादच्या प्रिन्सेस टाउनमध्ये जन्मला. 'बारा' हे आपल्या वड्याचंच भावंड. गयानात पूजेच्या किंवा लग्नाच्या जेवणाला सात भाज्या एका पानात वाढतात, ते 'सेव्हन करी'. पान कमळवर्गीय वेलीचं, नाव 'पुरइन', आणि भोजपुरीतही कमळाच्या पानाला पुरइनच म्हणतात.

ताशा

आपल्या मिरवणुकीतला ताशा आणि त्रिनिदादचा 'तासा' एकाच कुळातले. भोजपुरी मुलखात मोहरमच्या ताबुतांपुढे वाजणारं हे वाद्य मजुरांबरोबर गेलं. पारंपरिक तासाचं भांडं मातीचं असतं, वर बकऱ्याचं कातडं. वाजवण्याआधी ते शेकोटीसमोर धरून तापवतात, कारण दमट हवेत कातडं ढिलं पडतं आणि आवाज बसतो. तापवणं ही कला आहे. कमी तापला तर ठस्स वाजतो, जास्त तापला तर ऐन रंगात कातडं फाटतं. म्हणून ताफ्याजवळ शेकोटी सतत पेटलेली असते. आता नटबोल्टानं ताणायचे धातूचे तासेही आले आहेत. ताफा चौघांचा: पुढं झेपावणारा 'कटर', ठेका धरणारा 'फुले', मोठा ढोल म्हणजे 'बास', आणि झांज. तालाच्या प्रत्येक रचनेला तिथे 'हँड' म्हणतात. लग्नाचा हँड वेगळा, मोहरमचा वेगळा.

हा मोहरम तिथे 'होसे' झाला, हुसेन या नावावरून. मुसलमान मजूर शंभरात पंधराच्या आसपास, पण ताबूत बांधायला आणि मिरवायला हिंदूही येत, आफ्रिकी शेजारीही येत. एवढा मोठा बांधलेल्या मजुरांचा जमाव शहरात शिरणं सरकारला खुपलं. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी मनाई मोडून मळ्यांमधले ताबूत सान फर्नांडोकडे निघाले, तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला. किमान सोळा जण मेले, शंभरावर जखमी झाले. होसे संपला नाही. पोर्ट ऑफ स्पेनमधल्या सेंट जेम्समध्ये तो आजही निघतो.

लग्नाच्या आधीच्या शुक्रवारी रात्री बायका 'मटकोर' करतात. गावाबाहेर जाऊन भूमीची पूजा करायची, कुदळीनं माती खणायची आणि ती लग्नाच्या 'मरवा'साठी आणायची. मरवा म्हणजे आपला मांडव, बांबूचा. त्या रात्री पुरुषांना मज्जाव, त्यामुळे गाणी मोकळी, नवऱ्या-सासूंची टर उडवणारी. याच गाण्यांतून १९७० च्या सुमारास सुंदर पोपो यांच्यासारख्या गायकांनी मंचावर आणलेलं 'चटणी' संगीत उभं राहिलं. बिहारमध्ये दारापुढं दिसणारा लाल महावीरी झेंडा तिथेही आहे. पूजा झाली की अंगणात बांबूला रंगीत 'झंडी' लावतात, हनुमानाची लाल. एखाद्या गल्लीत हिंदूंची घरं कुठली, हे लांबूनही कळतं.

एक सूचना इथेच. 'कुली' हा शब्द आपल्याकडे रेल्वे फलाटामुळे साधा वाटतो. कॅरिबियनमध्ये तो शिवी आहे. तिथल्या माणसाशी बोलताना कौतुकानंही वापरू नये.

कागद वाचायची रीत

आता शोधाकडे. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांना अशी विनंती वारंवार येते: "आमचे पणजोबा भारतातून आले, गाव शोधायला मदत कराल का?" लगेच भारताचा नकाशा उघडू नये. शोध जिवंत माणसापासून मागे न्यायचा, उलटा नाही.

सर्वांत आधी घरातल्या वृद्धांकडून नावं घ्या, आणि प्रत्येकाची सगळी नावं. तिथे एका माणसाला हाकेचं नाव, कागदावरचं नाव आणि पंडितानं दिलेलं राशीचं नाव अशी तीन नावं असू शकतात. बाप्तिस्मा झाला असेल तर चौथं. कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन मिशननं १८६८ पासून त्रिनिदादमध्ये भारतीय मुलांसाठी शाळा काढल्या. त्या वाटेनं गेलेल्या घरांत दोन पिढ्यांची नावं अचानक इंग्रजी होतात.

मग जन्म, विवाह, मृत्यूचे दाखले. इथे सर्वांत मोठा खड्डा आहे. मांडवात पंडितानं लावलेलं लग्न त्रिनिदादच्या कायद्याला १९४५ पर्यंत मान्यच नव्हतं, निकाहला मान्यता त्याच्या दहाएक वर्षं आधी मिळाली. त्यामुळे रीतसर लग्न झालेल्या जोडप्याचं मूल दाखल्यावर 'अनौरस' दिसतं, बापाचा रकाना कोरा असतो आणि आडनाव आईकडचं लागतं. वंशज हे पाहून हादरतात, घराण्यात काही लपवलंय असं समजतात. लपवलेलं काही नसतं, कायद्यानं डोळे मिटले होते. अशा वेळी आईच्या नावावरून शोधावं. काही दाखल्यांवर नावच नसतं. १९५० मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडला नमवणाऱ्या सनी रामदीन यांच्या जन्मदाखल्यावर नावाच्या जागी नुसतं 'मुलगा' लिहिलेलं होतं.

दाखल्यांमधून तीन गोष्टी मिळवायच्या: जहाजाचं नाव, आगमनाचं वर्ष आणि क्रमांक. मळ्यावर जन्मलेल्या मुलांच्या नोंदीत आई-बापाचे क्रमांक आणि जहाज पुष्कळदा लिहिलेले असतात. नुसतं जहाजाचं नाव पुरत नाही, कारण तेच जहाज वर्षानुवर्षं फेऱ्या करी. त्यात नोर्स कंपनीनं आपल्या जहाजांना नद्यांची नावं दिली होती: गँजीस, जमना, हुगळी, एल्ब. घरात "गंगेवरून आले" अशी आठवण असेल तर ती नदी की जहाज, हे तपासल्याशिवाय पुढं जाऊ नये.

क्रमांकही तीन असतात. एक डेपोतला, दुसरा जहाजावरचा, तिसरा वसाहतीत उतरल्यावर नोंदवहीत मिळालेला. जहाजावरचा क्रमांक घेऊन वसाहतीची नोंदवही उघडली की भलत्याच माणसाचा कागद हाती येतो, आणि नाव जुळतं असं वाटलं तर चूक पक्की होते. रामदीन, बुधराम, सुखिया ही नावं शेकड्यांनी आहेत. बापाचं नाव, वय आणि जहाज तिन्ही जुळल्याशिवाय माणूस सापडला असं मानू नये.

कागद कुठे आहेत? त्रिनिदादच्या नोंदवह्या पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, गयानाच्या जॉर्जटाउनमधल्या वॉल्टर रॉडनी राष्ट्रीय अभिलेखागारात. सूरीनामचं काम सर्वांत सोपं: डच राष्ट्रीय अभिलेखागारानं सगळ्या मजुरांची यादी इंटरनेटवर ठेवली आहे आणि ती नाव, जहाज यांवरून शोधता येते. फिजी, गयाना, सूरीनाम आणि त्रिनिदाद यांच्याकडच्या या नोंदी युनेस्कोनं २०११ मध्ये जागतिक स्मृतिठेव्यात घेतल्या. सुरुवातीच्या दशकांचे कागद विरळ आहेत, १८७० नंतरचे बरेच सापडतात.

हाती येतो तो 'एमिग्रेशन पास', कलकत्त्याहून निघताना केलेला एकपानी छापील फॉर्म. त्यावर नाव, बापाचं नाव, वय, लिंग, जात, जिल्हा, ठाणं, गाव, जवळचा नातेवाईक, लग्न झालं असल्यास कोणाशी, उंची फूट-इंचांत आणि अंगावरच्या खुणा. खाली डॉक्टरची सही: माणूस निरोगी आहे आणि देवीची लस टोचली आहे. कित्येक घरांत पणजोबांचा एकही फोटो नसतो, पण डाव्या नडगीवर व्रण होता हे त्या रकान्यातून कळतं.

नावाचं स्पेलिंग वाचताना संस्कृत डोक्यातून काढावं लागतं. 'परसाद', 'किसून', 'बिसून', 'लछमन', 'सिउ' पाहून लोक म्हणतात की गोऱ्या कारकुनानं प्रसाद, कृष्ण, विष्णू, लक्ष्मण, शिव यांची वाट लावली. वास्तविक पुष्कळ वेळा त्यानं जे ऐकलं तेच लिहिलं. भोजपुरीत माणूस स्वतःला रामकिसुनच म्हणतो, रामकृष्ण नाही. ते स्पेलिंग म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या उच्चाराची नोंद आहे. म्हणून शोधताना नाव आधी मोठ्यानं भोजपुरी ढंगात म्हणावं आणि मग त्याची जितकी इंग्रजी रूपं सुचतील तितकी तपासावीत.

वयाचा आकडा अंदाजे, दोन-चार वर्षांचा फरक सहज. जातीचा रकाना दोन्ही बाजूंनी फसवा. मळेवाल्यांना शेतीत राबणारे हवे असत, म्हणून काही ब्राह्मण-ठाकुरांनी खालची जात सांगितली, तर उतरल्यावर काहींनी वरची धरली. बायकांच्या कागदावर 'लग्न कोणाशी' या रकान्यात डेपोत जुळलेलं नातंही असू शकतं. दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका नेण्याचा नियम होता, आणि त्यातल्या पुष्कळ एकट्या आल्या होत्या. विधवा, सोडलेल्या, घर सोडून निघालेल्या. त्यांचं गाव नवऱ्याच्या गावाहून वेगळं असेल, म्हणून बाईचा कागद स्वतंत्र शोधावा. बहुतेक जण तो शोधतच नाहीत आणि अर्धं घराणं सोडून देतात.

जिल्हा वाचताना जुनी हद्द ध्यानात ठेवा. पासवरचा शाहाबाद आज नकाशावर नाही, त्याचे भोजपूर, रोहतास, बक्सर आणि कैमूर झाले. जुन्या सारणमधून सिवान आणि गोपाळगंज निघाले. गोरखपूरमधून देवरिया आणि महाराजगंज, बस्तीतून सिद्धार्थनगर आणि संत कबीरनगर, आझमगडमधून मऊ. फैजाबादचं नाव २०१८ मध्ये अयोध्या झालं, पण त्रिनिदादच्या दक्षिणेला फैजाबाद नावाचं गाव अजून आहे. गावापेक्षा ठाणं महत्त्वाचं, कारण एका जिल्ह्यात रामपूर नावाची डझनभर गावं निघतात. आधी ठाण्याचं आजचं नाव पक्कं करा आणि मग त्याच्या हद्दीतली त्या नावाची सगळी गावं एकेक करून तपासा.

या कागदाला आता सरकारी मोलही आलं आहे. भारताचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड, पूर्वी चौथ्या पिढीपर्यंतच मिळे. सूरीनाममधल्या भारतीयांसाठी २०२३ मध्ये आणि त्रिनिदादसाठी २०२५ मध्ये ते सहाव्या पिढीपर्यंत देण्याची घोषणा झाली. त्यासाठी वंशजापासून पासपर्यंत दाखल्यांची साखळी जुळावी लागते. मधल्या एका दाखल्यावर स्पेलिंग बदललं असेल तर ती दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करणारा कागद आधीच तयार ठेवावा.

गाव सापडतं, याची उदाहरणं आहेत. त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला परसाद-बिसेसर जानेवारी २०१२ मध्ये बक्सर जिल्ह्यातल्या भेलूपूरला गेल्या. तिथून त्यांचे पणजोबा रामलखन मिश्रा १८८९ मध्ये निघाले होते. सगळ्यांना इतकं सरळ मिळत नाही. गेलेला माणूस भूमिहीन असेल तर महसुली कागदात त्याचं नाव नसतंच. गावातही तो 'पूरबला गेला तो आलाच नाही' एवढाच उरतो, किंवा तेवढाही नाही, कारण वंशावळ मागे राहिलेल्यांची सांगतात. म्हणून गावात गेल्यावर गेलेल्याचं नाव आधी विचारू नये. पासवरच्या 'जवळचा नातेवाईक' या रकान्यावर बोट ठेवावं. तिथे बहुधा भावाचं किंवा बापाचं नाव असतं. तो माणूस जहाजात चढला नव्हता. त्याची पोरं-नातवंडं त्याच मातीत असण्याची शक्यता जास्त, आणि त्याचं नाव सांगणारं एखादं घर अजून मिळतं.